खालचा सूर ऐकू येईना

सोमवार, ९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल रात्री मी झोपले नाही. परवाही नाही. कारण सांगते, पण आधी खाली बस, आणि वाचता वाचता मला भागूबाई म्हणू नकोस. आपल्या गुंड्याला ऐकू येत नाही असं मला वाटतंय.

कुठून काढलं हिने हे, असं म्हणशील. पहिल्यापासून सांगते. दादाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, ते तुला कळवलंच होतं. म्हणाला, बाळ झाल्यापासून घरात कोंडून बसलीस, उशांची कव्हरं शिवून शिवून डोकं पिकेल, गाणी बनवायला शीक. मी म्हटलं, मला गाता येत नाही, पेटी येत नाही, शाळा सहावीत सुटली. तो म्हणाला, चौकोन भरता येतात ना, मग झालं. आणि खरंच तसंच आहे बघ. पडद्यावर आडव्या रांगा असतात. एक धप आवाजाची, एक टाळीची, एक छिकछिक करणारी. चौकोन दाबला की रंगतो आणि त्याची पाळी आली की वाजतो. रांग संपली की परत पहिल्यापासून. मी माझ्या शिलाई मशीनचा आवाज फोनवर टिपून त्यात घातला, तर काय मजेचा ठेका झाला. पहिलं गाणं केलं त्यात मात्र सगळ्याच रांगा गच्च भरल्या होत्या. दादा म्हणाला, हे गाणं नाही, भांड्यांचं दुकान कोसळलंय, थोडी जागा सोड.

आता मुद्द्याचं. हे रात्रभर बेकरीत भट्टीवर असतात आणि दिवसा झोपतात. आमची एकच खोली. म्हणून गुंड्या जन्मल्यापासून आम्ही कुजबुजतोच. भांडतो तेही कुजबुजत. मी गाणं करते ते कानाला हेडफोन लावून. तर मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की मी मागून हाक मारली तरी गुंड्या मान वळवत नाही. सात महिन्यांचा झाला, आता वळवायला हवी. शेजारणीची मुलगी त्याच्याहून लहान, तीसुद्धा वळवते.

शनिवारी दुपारी म्हटलं, होऊन जाऊ दे. दादाने लॅपटॉपबरोबर एक डबी दिलीय, तिला हेडफोन लागतो आणि वीतभराचा एक स्पीकरही लागतो, दोन्हीत आवाज एकदम जातो. दादा सांगायचा की सगळ्यात खालचा सूर ताकदीचा, छातीत लागतो, भिंत हलवतो. मी तोच निवडला. गुंड्याला पाठमोरा बसवला, त्याच्या मागे स्पीकर ठेवला. आवाज जातोय की नाही ते कळावं म्हणून हेडफोन कानाला ठेवला आणि दाबलं. माझं डोकं आतून हललं मावशी. आणि गुंड्या आपला पायाचा अंगठा चोखतोय. परत दाबलं, आणखी वाढवून. मान तसूभर हलली नाही. हे बाजूला घोरत होते, पण त्यांचं सोड, त्यांच्या कानाशी ढोल बडवला तरी नुसती कूस बदलतील.

तुलाही कमी ऐकू येतं. हे आपल्या घरात आहे का? आईला होतं का? मला आठवत नाही. यांना अजून काही बोलले नाही. कुणाजवळ बोललं की ते खरं होईल असं वाटतं.

लोभ आहेच, या वेळी त्यात थोडा धीर बांधून पाठव.

तुझी,
भाची

•

गुरुवार, १२ जून

चि. भागूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हणू नकोस म्हणालीस, तरी म्हटलं. हाक मारायची जुनी सवय आहे, आता या वयात कुठे सोडू.

आधी तुझ्या प्रश्नाचं. माझे कान जन्मापासून असे नाहीत. बाटल्या धुवायच्या कारखान्यात मी वीस वर्षं उभी होते. काचेवर काच आदळते त्या आवाजाने माझे कान खाल्ले. तुझी आई तर इतकी तिखट कानाची होती की मी स्वयंपाकघरात साखर चोरून खाल्ली तर तिला अंगणात कळायचं. तेव्हा घराण्यावर खापर फोडू नकोस.

दुसरं. तू लिहितेस, नवरा ढोल बडवला तरी उठत नाही. मग सगळं घर कुजबुजतं कशाला, ते मला एकदा समजावून सांग. आणि भिंत हलवणाऱ्या आवाजाने बाळ वळलं नाही म्हणून ते बहिरं, तर मग शेजारी घोरणारा माणूसही बहिराच म्हणायचा. दोघांना एकदम घेऊन जा दवाखान्यात.

थट्टा पुरे. तान्ह्या मुलांचे कान तपासणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यात असतात, त्यांच्याकडे नाव घाल. तुझ्या यंत्रावर विश्वास नको आणि माझ्या बोलण्यावरही नको. नवऱ्याला सांग. बाप आहे तो. दादालाही विचार, आवाजाचं त्याला कळतं.

गाणं कसं झालंय तेही लिही. मी ऐकू शकणार नाही, पण तू सांगितलंस तर मला कळेल.

गुंड्याच्या दोन्ही कानांचे मुके घेऊन लोभाचं माप पुरं कर.

तुझी,
मावशी

•

बुधवार, १८ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नाव घातलं. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. तोवर कसं काढू ते मला माहीत नाही.

यांना सांगितलं. हे उठून गुंड्याच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. गुंड्या वळला. आमच्या दोघांच्या जिवात जीव आला. मग मला दिसलं की समोर कपाटाचा आरसा आहे. हे त्याला त्यात आधीच दिसले असणार. आरशावर चादर टाकली आणि परत टाळी वाजवली, तर गुंड्या चादरीकडेच बघत बसला, आरसा कुठे गेला म्हणून. आता हे कामावर जाताना रोज दारातून वेगवेगळे आवाज काढतात, कोंबड्याचा, गाडीचा. गुंड्या कधी बघतो, कधी नाही. त्यावरून काय समजायचं? समोरची म्हातारी मात्र समजली की यांचं डोकं फिरलंय.

आणि दादाचं सांगते. तू म्हणालीस म्हणून फोन केला. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, कुठला स्पीकर? म्हटलं, तू दिलेलाच, वीतभराचा. विचारलं, कुठला सूर? म्हटलं, सगळ्यात खालचा. तर तो हसायला लागला. हळू नाही, मोठ्याने, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. मी म्हटलं, माझ्या पोराला ऐकू येत नाही आणि तुला हसू येतंय? तो म्हणाला, अगं ऐक, ऐक. मी ऐकलं नाही. फोन ठेवला आणि त्याच्याशी अबोला धरला. त्याचे फोन येतात, मी उचलत नाही.

गाण्याचं विचारलंस. बंद ठेवलं होतं, पण हात राहत नाहीत. मशीनचा ठेका तसाच ठेवलाय. त्यावर एक लांब सूर घातलाय, तो दुरून येतो आणि जवळ न येताच जातो. मध्ये थोडी जागा सोडलीय. तिथे काय घालायचं ते सुचत नाही.

राग माझ्यावर काढू नकोस, लोभ मात्र काढ.

तुझी,
भाची

•

शुक्रवार, २० जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ही मुलगी फोन उचलत नाही, म्हणून तुला लिहितो. तुझ्या कानात ओरडून सांगायला मी तिथे नाही.

त्या वीतभर स्पीकरच्या अंगात तेवढा खालचा सूर काढायची ताकदच नाही. त्याचं तोंड केवढं, तो सूर केवढा. त्याला मोठा, खोक्याएवढा स्पीकर लागतो. हिच्या कानाला हेडफोन चिकटलेला, त्यात तो सूर दणदणीत येतो. म्हणजे त्या खोलीत तो आवाज फक्त हिलाच ऐकू आला. बाळाला नाही, जावईबापूंना नाही. शिकाऊ माणूस हेच करतो, हेडफोनमध्ये ऐकून खूश होतो आणि बाहेर लावलं की आवाज गायब. पण त्यावरून पोराच्या कानाची परीक्षा घेणारी ही पहिलीच. मी हसलो ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तिला ते वेगळंच वाटलं. पाच मिनिटं थांबली असती तर तीही हसली असती.

पण मावशी, कुजबुजून मारलेल्या हाकेचं उत्तर माझ्याकडे नाही. ते रात्री आठवतं आणि मलाही झोप येत नाही. तिला हे सांगू नकोस. तिचा अबोला तेवढा सोडव. लहानपणापासून तूच न्यायाधीश आहेस.

तुझा लोभ माझ्याकडे जरा जास्तच झुकू दे.

तुझा,
भाचा

•

शनिवार, २१ जून

चि. भागूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या भावाचं पत्र आलं, ते यासोबत पाठवते. त्याने एक ओळ तुला सांगू नको म्हणून लिहिलीय. मी बहिरी आहे, मला काही ऐकू आलेलं नाही.

वाच आणि मग ठरव. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं एवढेएवढे होतात तेव्हा मीच केला होता. ज्याने अबोला धरला त्याने आपण होऊन तोंड उघडायचं नाही. राग गेला की तिसऱ्याला सांगायचं, आणि तिसऱ्याने निरोप पोचवायचा. म्हणजे कुणाची मान खाली जात नाही. तुझा राग गेला की मला कळव. घाई नाही. मंगळवार होऊ दे.

सोमवारी माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. नंतर थोडे दिवस पट्टी. कान आधीच गेलेले, आता डोळाही झाकणार, म्हणजे मी नुसतं गाठोडं. तेव्हा तुझं पत्र इथलं कुणीतरी वाचून दाखवेल, जो हाताशी असेल तो. म्हणून नवऱ्याच्या घोरण्याबद्दल जपून लिही.

भिऊ नकोस असं मी म्हणत नाही. भी, पण जेवून भी.

लोभ पट्टीच्या आतूनही तसाच राहील.

तुझी,
मावशी

•

बुधवार, २५ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि., आणि वाचून दाखवणाऱ्या ताई नाहीतर काका, जे कोण असाल, तुम्हालाही नमस्कार.

मावशीच्या डाव्या कानाशी वाचा. उजव्याशी वाचलंत तर ती नुसती मान डोलावेल आणि तुम्हाला वाटेल की समजलं.

मावशी, काल गेलो. हे रात्रपाळी करून तसेच आले, अंगावर पीठ. कान तपासणाऱ्या बाईंची खोली आतून सगळी गादीसारखी मऊ आहे. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मला खुर्चीवर बसवलं, गुंड्या मांडीवर. बाई म्हणाल्या, तुम्ही हलायचं नाही, बघायचं नाही, आवाज आला तरी दाखवायचं नाही. त्या काचेच्या पलीकडे गेल्या. मी दगडासारखी बसले. हे कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे.

पहिला आवाज आला, शिट्टीसारखा. गुंड्याने अंगठा तोंडातून काढला आणि तिकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूने आला, तिकडे बघितलं. मग आवाज लहान लहान होत गेले. हा आपला वळतोय. मला रडू येत होतं, पण हलायचं नव्हतं म्हणून गालावरचं पाणीही पुसलं नाही.

मग काहीच येईना. मला वाटलं संपलं. आणि तेवढ्यात गुंड्या उजवीकडे वळला, नीट, कुणीतरी हाक मारल्यासारखा. म्हटलं, हा तर उगाचच वळतोय, म्हणजे आधीचंही सगळं उगाचच. बाई बाहेर आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, आवाज होता की, तुम्हाला नाही आला? मग यांना विचारलं. हे म्हणाले, आला, बारीकसा.

म्हणजे खोलीतल्या तिघांपैकी मलाच ऐकू आलं नाही. बाईंनी मग मलाच खुर्चीत बसवलं आणि गुंड्या बापाच्या कडेवरून बघत राहिला. मी हेडफोनचा आवाज किती वाढवते ते विचारलं आणि खरं सांगितल्यावर रागावल्या. म्हणाल्या, आत्ता ऐकणं थोडकंच कमी झालंय, आवाज निम्म्यावर आणा आणि मधेमधे कानांना सुट्टी द्या. मी कबूल केलं. मावशी, तूही आता रागावून घे. ताई, इथे थोडं थांबा, ती रागावेल.

कुजबुजीचंही विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही घरात सारखंच कुजबुजता, तर त्याच्या दृष्टीने ते पंख्याच्या आवाजासारखं झालंय, त्यात काय बघायचं? माणसासारखं बोला त्याच्याशी. घरी आल्यावर मी त्याला नावाने मोठ्याने हाक मारली. वळला. परत मारली, परत वळला. हे झोपले होते, ते उठले नाहीत. तुझं बरोबर होतं, आम्ही सात महिने उगाच कुजबुजलो.

आज हेडफोन काढून ठेवला आणि गाणं वीतभर स्पीकरवरच, हळू आवाजात लावलं. खालचा सूर खरंच नाहीच त्यात. म्हणून तो मी काढून टाकला आणि जरा वरचा घातला. आता धप लहान आहे पण ऐकू येतो. सोडलेली जागा तशीच ठेवलीय. तिथे गुंड्या आपण होऊन काहीतरी बोलतो.

मला काल रात्री झोप लागली. माझा राग गेला. खरं म्हणजे दादाचं पत्र वाचलं तेव्हाच गेला होता, पण मंगळवारच्या आधी ते म्हणायची हिंमत झाली नाही.

मावशी, लोभ पट्टीबाहेर काढ आणि लवकर बरी हो.

आणि ताई, काका, आमच्या घरचा नियम असा की मी फोन करायचा नाही, तिसऱ्याने करायचा. मावशीला फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा ते काम आता तुमच्याकडे आलंय. दादाचा नंबर पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. दुकानात आवाज फार असतो, पहिल्यांदा उचलणार नाही, म्हणून परत करा. म्हणावं, बाळाला ऐकू येतं, आणि तुझ्या बहिणीने अबोला सोडला. तो हसेल, हसू द्या. पण आज कराच. त्यालाही झोप नाही.