डाव्या हाताचं व्हायोलिन कुणाकडे जावं

मी, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांची धाकटी मुलगी, वय अठरा पूर्ण, शाळा आठवीत सोडलेली, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही. उलट आई म्हणाली, "असलं अभद्र लिहिलंस तर बोळा करून फेकीन." पण गुरुवारी माझं हृदय उघडणार आहेत, झडप बदलायला, आणि डॉक्टर म्हणाले की बहुतेक पेशंट नीट उठून बसतात. त्या 'बहुतेक'वर मी बराच विचार केला आणि मग कागद मागितला. कायद्याचे शब्द वकीलकाकांनी सांगितले, बाबा त्यांची दाढी करत होते तेव्हा. फेसातून जेवढे ऐकू आले तेवढे घातलेत. मला बोलायला जमत नाही, लिहायला जमतं.

१. स्थावर मालमत्ता मला नाही. सलूनच्या मागच्या खोलीत टॉवेलांच्या फळीखालचा कोपरा माझा, असं घरात सगळे म्हणतात. तो आईला. तिने तिथे नुसतं बसावं. टॉवेलांच्या घड्या घालायला नाही.

२. डब्यातले पैसे दादाला. न मोजता घ्यावेत, नाहीतर म्हणेल, "एवढेच?" सायकलही त्याला. ती माझी आहे हे त्याने कधी मानलंच नव्हतं, तेव्हा त्याला फार फरक पडणार नाही.

३. आता व्हायोलिन. त्याची वाटणी लिहिण्याआधी ते असं का आहे ते सांगायला पाहिजे.

सलूनसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बाई व्हायोलिन शिकवतात. शाळेचा जिना चढताना मला धाप लागायची, आणि उत्तर द्यायला उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. शाळा सुटली आणि मी दिवसभर सलूनमध्ये बसायला लागले. बाई खिडकीत रस्त्याकडे तोंड करून वाजवायच्या. मी टॉवेलची दांडी खांद्याला लावून लांब कंगव्याने तसंच करायचे. पण मी आरशांत वाढलेली. समोर माणूस दिसला की तो आरशातलाच आहे असं धरून चालायची सवय. बाईंचा गज मला डावीकडे हलताना दिसायचा, म्हणून मी डावा हात हलवायचे. लिहिते, जेवते ते उजव्या हाताने. गज मात्र डाव्या हातात बसला तो बसलाच.

राळकाका वाद्यं दुरुस्त करतात. गजाला लावायच्या राळेचा वास त्यांच्या अंगाला कायम असतो. एकदा दाढीला बसले असताना त्यांनी मला आरशात पाहिलं. म्हणाले, "सलूनवाले, पोरीचं मनगट बघा हो. लोण्यासारखं वळतंय." आरशात मी बरोबर दिसत होते ना! दुसऱ्या दिवशी एक कडेला चिरलेलं जुनं व्हायोलिन घेऊन आले. मागच्या खोलीत मी ते एकटीच वाजवायचे. तारा माझ्या बाजूने उलट्या पडायच्या, ते कानाने जुळवून घेतलं.

मग आई मला बाईंकडे घेऊन गेली. बाई बघतच राहिल्या. "हे काय? कुणी शिकवलं हिला?"

"तुम्हीच की, बाई," आई म्हणाली.

बाई हसल्या, मग म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरुवात. गज उजव्या हातात."

मी खूप महिने प्रयत्न केला. आवाज असा यायचा की शेजारचे शिंपीकाका तेलाची बाटली घेऊन आले, म्हणाले, "तुमचं दार फार करकरतंय." शेवटी राळकाकांनी व्हायोलिन मागून नेलं, उघडलं आणि आतून फिरवलं. आतली पट्टी इकडची तिकडे, छोटा खांब तिकडचा इकडे, वर तारा पेलणारी घोडी आणि ताराही उलट्या. पहिला गज ओढला आणि मला रडूच आलं.

बाई मात्र भडकल्या. "वाद्य फिरवायचं नसतं, काका. माणूस वळवायचा असतो."

"वळवलंत की इतके महिने. दार वाजत होतं."

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. रस्त्यात समोर आले की राळकाका चपलेत खडा गेल्यासारखे वाकतात आणि बाई दुकानांच्या पाट्या वाचतात.

शिकवणं बाईंनी थांबवलं नाही. त्या सकाळी आठवल्या की अजून बरं वाटतं. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद, खालून बाबांच्या कात्रीचा आवाज, आणि आम्ही दोघी समोरासमोर. बाई म्हणायच्या, "तू समोर असलीस की माझ्याच चुका मला दिसतात." बाबा म्हणायचे, मी वाजवत असले की त्यांचा हात हळू चालतो आणि गिऱ्हाईकं खोळंबतात.

४. वाद्यवृंदाच्या निवडीला आम्हाला पडद्याआड उभं केलं होतं. माझं वाजवून झाल्यावर पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हीच." मग पडदा सरकला. परीक्षकांतले मधले चष्मेवाले म्हणाले, "अरेच्चा, हिचा गज शेजारच्याच्या डोळ्यात जाईल!" सगळे हसले. 

"मग शेजारच्यालाही चष्मा द्या," बाई मागून म्हणाल्या.

शेवटच्या रांगेत अगदी कडेची खुर्ची मला कबूल झाली आहे, पुढच्या हंगामापासून. त्या खुर्चीवर मला बसायचंय. ही इच्छा वाटणीत घालता येत नाही, तरी लिहिते. चष्मेवाल्यांवरचा राग मी कुणाला देत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

५. माझं काही बरंवाईट झालं तर बाबांनी व्हायोलिन आठवण म्हणून आरशावर टांगू नये. पडून राहिलेलं वाद्य आवाज विसरतं. बाईंच्या वर्गात पुढे जे मूल येईल, ज्याच्याकडे स्वतःचं वाद्य नसेल, त्याला द्यावं. ते मूल उजव्या हाताचंच असणार. म्हणून राळकाकांनी ते पुन्हा उघडून सुलटं करून द्यावं. इथे माझं पेन थांबलं होतं. आहे तसं ठेवलं तर कुणी वाजवणार नाही. सुलटं केलं तर माझं त्यात काही उरणार नाही. तरी ते वाजावं, असं मी ठरवलंय.

६. ज्यांना काही मिळणार नाही तेच साक्षीदार चालतात, असं वकीलकाका म्हणाले. म्हणून बाईंना आणि राळकाकांना मी काही ठेवलेलं नाही, राग मानू नये. दोघांनी एका खोलीत, एकमेकांदेखत सही करायची आहे. ते तसंच लागतं का, हे मी वकीलकाकांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं.

वरचं सगळं मी राजीखुशीने लिहिलं. खाडाखोड एकच आहे, ती आईने कागद ओढला तेव्हाची.

ठिकाण: बाबांचं सलून, मधली खुर्ची.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सलूनची सुट्टी.
सही: धाकटी

साक्षीदार पहिला, वाद्य दुरुस्त करणारा: मुलीने माझ्यासमोर सही केली. पण कलम पाचमधलं काम मी घेणार नाही. ते लाकूड मी एकदा उघडलं, पुन्हा उघडणार नाही. बाईंना विचारा.

साक्षीदार दुसरी, शिक्षिका: माझ्याही समोरच सही केली. काका बरोबर सांगताहेत, व्हायोलिन आहे तसंच राहील. मुलगी दवाखान्यात असेल तोवर ते गप्प पडू नये म्हणून रोज सकाळी मी वाजवीन, गज डाव्या हातात धरून, या वयात जमेल तसं. परत आल्यावर तिने माझ्या चुका मला सांगाव्यात. लिहून नाही, बोलून.