तीन ते तीन-वीसची प्रार्थना रद्द होणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
नकाशा शाखा, दुसरा मजला.
(कृपया मुख्य लिपिकांमार्फत न पाठवता स्वतः वाचावा.)

विषय : प्रार्थनेसाठी मंजूर झालेली रोजची वीस मिनिटांची सवलत रद्द होणे व येत्या सोमवारी सकाळी अर्धा तास रजा मिळणेबाबत.

संदर्भ : १) कर्मचाऱ्यांना प्रार्थनेसाठी सवलत देणारे परिपत्रक.
२) डोळ्यांच्या विश्रांतीसाठी मी केलेला अर्ज (नामंजूर).
३) सवलत रद्द करण्यासाठी मी केलेले दोन अर्ज (दोन्ही परत).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या शाखेत एकोणीस वर्षे अनुरेखक आहे. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेषा वरून शाईने पुन्हा ओढायची, हे माझे काम. आपणांस हे ठाऊक आहेच. हा अर्ज सोमवारच्या सवलत-समितीपुढे गेल्यास बाहेरच्या सदस्यांना कळावे म्हणून लिहिले. दुपारी तीनच्या सुमारास माझ्या डोळ्यांना एका रेषेच्या दोन दिसू लागतात. गेल्या वर्षी मी एका विहिरीच्या जागी दोन विहिरी काढल्या आणि आपले मोजणीदार दुसरी विहीर शोधत भर उन्हात दोन तास हिंडले. त्यानंतर मी पंधरा मिनिटे विश्रांती मागितली. 'विश्रांतीची तरतूद नाही' असा शेरा मिळाला. शेरा नियमाला धरूनच होता, त्याबद्दल तक्रार नाही.

२. पुढच्याच महिन्यात संदर्भ क्र. १ चे परिपत्रक आले. ज्याला आपापल्या श्रद्धेनुसार प्रार्थना करायची असेल त्याला रोज वीस मिनिटे मिळतील, आणि श्रद्धा कोणती हे कोणत्याही अधिकाऱ्याने विचारू नये, असे त्यात होते. माझे आणि देवाचे भांडण नाही, पण जाणे-येणेही नाही. तरी मी फॉर्म भरला. 'श्रद्धेचा तपशील (ऐच्छिक)' हा रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. पंधरा मिनिटे झोप मागितली तर नाही म्हणाले आणि वीस मिनिटे देव मागितला तर लगेच हो, याचे मला तेव्हा हसू आले होते. आज ते हसू आठवले की तोंड लपवावेसे वाटते.

३. मला गुंडाळ्यांची खोली देण्यात आली. खोलीत कापडी नकाशांच्या गुंडाळ्यांची मांडणी, एक स्टूल व एक खिडकी आहे. रोज तीन वाजता मी दार लोटून स्टुलावर बसतो, मांडणीच्या कडेवर कपाळ टेकतो आणि झोपतो. याला आपल्या भाषेत बकध्यान म्हणतात. फरक इतकाच की बगळा निदान जागा असतो.

कडेवर टेकून माझ्या कपाळावर लाल वळ उठू लागला. मी बाहेर आलो की लोक त्या वळाकडे पाहत आणि आवाज खाली घेत. रकाना कोरा असल्यामुळे प्रत्येकाने मला आपापल्या बाजूचा धरले. आवक-जावकचे कारकून म्हणाले, "जो दाखवत नाही, त्याचंच खरं असतं." माझ्या बायकोच्या कानावर हे गेले तेव्हा ती म्हणाली, "घरात कधी हात जोडले नाहीत, आणि ऑफिसात महाराज झालात होय?" तिला मी गप्प बसवले.

पण दरवानकाकांना गप्प बसवता आले नाही, कारण ते काही बोललेच नाहीत. मी जिन्यावरून गेलो की ते उठून उभे राहू लागले. काका खरे भाविक. पहाटे उठून घरीच सगळे आटोपून येतात. तुम्ही सवलत का घेत नाही असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "सरकारच्या वेळात देवाचं काम कसं करायचं? देवालाच आवडायचं नाही." साठीला टेकलेला तो माणूस रोज माझ्यासाठी उठत होता आणि मी त्यांना एकदाही 'बसा' म्हटले नाही. मला ते आवडत होते, हे इथे लिहिणे भाग आहे.

४. आता छपाईच्या ताईंविषयी. आपल्या नकला काढायच्या यंत्रावर त्या चौदा वर्षे आहेत आणि कर्मचारी संघटनेच्या प्रतिनिधीही आहेत. परिपत्रकाच्या सभेत त्या एकट्याच विरोधात उभ्या राहिल्या होत्या. "देव घरी ठेवा," असे त्या म्हणाल्या होत्या. "खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपला नकाशा हवा असतो, आपली भक्ती नको." मला ते शंभर टक्के पटले. मी टाळ्या वाजवल्या आणि तीन वाजता झोपायला गेलो.

त्याच ताई एके दिवशी तीनला पाच कमी असताना गुंडाळ्यांच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांच्या यजमानांची फुप्फुसे निकामी होत चालली होती, हे शाखेत सर्वांना माहीत होते. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "माझा काही विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही रोज बसताच. बसताना यांचं नाव घ्या तेवढं." आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी म्हणालो, "घेतो."

५. त्या दिवशी वारा होता आणि खिडकीची फळी खडखडत होती. चिठ्ठीची जाडी नेमकी फटीत बसेल एवढी होती. मी ती फटीत कोंबली. जागा झाल्यावर उघडून वाचू, असे मनात होते. वाचली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चिठ्ठी एक्केचाळीस दिवस तिथे राहिली आणि खिडकी वाजत नसल्यामुळे मला फार चांगली झोप लागली. बेचाळिसाव्या दिवशी ताईंचे यजमान गेल्याचे कळले.

रजा संपवून ताई आल्या त्या यंत्राकडे न जाता माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "शेवटपर्यंत कुणीतरी रोज नाव घेतंय, एवढ्यावर मी उभी राहिले. त्यांनाही सांगितलं होतं मी. हसले. म्हणाले, त्या माणसाला माझा नमस्कार सांग." मी मान डोलावली. महोदय, मी फक्त मान डोलावली.

नंतर खोलीत जाऊन मी चिठ्ठी काढली. उन्हाने तिच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. नकाशावर गावांची नावे लिहितो तशा सरळ, सुट्या अक्षरांत ताईंनी पूर्ण नाव लिहिले होते. खाली वय, रुग्णालयाचा मजला आणि खाटेचा नंबर. चुकून दुसऱ्या कुणासाठी प्रार्थना होऊ नये म्हणून. मी स्टुलावर बसलो, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच जागा राहिलो.

६. दुसऱ्या दिवशी मी सवलत रद्द करण्याचा अर्ज दिला. मुख्य लिपिकांनी तो परत केला. सवलत देण्याची पद्धत परिपत्रकात आहे, परत घेण्याची नाही. शिवाय रद्द करायची तर कारण हवे, आणि श्रद्धेबाबत कारण विचारायला बंदी. म्हणजे कारणासह अर्ज घेता येत नाही आणि कारणाशिवायही घेता येत नाही. दुसऱ्या अर्जात मी स्पष्ट लिहिले की, 'मी प्रार्थना करीत नाही, झोपतो.' तो अर्ज ते स्वतः माझ्या टेबलावर घेऊन आले, वाकून हळूच म्हणाले, "इतकी नम्रता बरी नव्हे हो," आणि अर्जासोबत मुलाच्या परीक्षेची चिठ्ठी ठेवून गेले.

कारण ताईंनी चारचौघांत माझे आभार मानल्यापासून माझ्या शाईच्या दौतीखाली चिठ्ठ्या येऊ लागल्या आहेत. आजवर तेरा. त्यांतली एक आपली आहे. वर नाव नाही, पण एकोणीस वर्षे माझ्या नकाशांवर ज्या अक्षरात शेरे येत आहेत ते अक्षर मी ओळखतो. ती मी उघडलेली नाही. आपल्या घरी काय चालले आहे मला माहीत नाही. जे असेल ते निभावून जावो, असे मनापासून वाटते. पण त्यावर विसंबू नये.

७. येत्या सोमवारी अकरा वाजता समिती बसेल आणि सवलत पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवेल. शाखेत सवलत घेणारा मी एकटाच, म्हणून मला साक्षीला बोलावले आहे. ताई समितीवर आहेत. त्यांनी आधीच सांगितले आहे की, "माझं मत बदललंय. का, ते टेबल चारला विचारा." टेबल चार म्हणजे मी. मी गप्प बसलो तर सबंध खात्याचा निर्णय माझ्या झोपेवर उभा राहील. तिथे खरे बोललो, तर ताईंना ते आठ माणसांच्या देखत कळेल.

अशी खोली कचेरीत असावी की नसावी, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पूर्वी नसावी असे वाटे. पण विश्वास नसलेल्या बाईलासुद्धा एके दिवशी एखाद्या दारात जाऊन उभे राहावेसे वाटले, आणि त्या दारामागे निघाला तो मी. यात खोलीचा दोष नाही. समितीने खोलीबद्दल काय ठरवायचे ते ठरवावे, फक्त माझ्यावरून ठरवू नये.

८. तरी विनंती की, माझी सवलत आजपासून रद्द व्हावी. गेल्या आठ महिन्यांचा त्यात गेलेला वेळ माझ्या रजेतून वळता करावा. आणि सोमवारी सकाळी दहा ते साडेदहा मला रजा द्यावी.

रजेच्या फॉर्ममध्ये कारणाचा रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून भरतो : समिती बसण्यापूर्वी छपाईच्या यंत्राशी जाऊन ताईंना खरे सांगणे. याला अर्धा तास कशाला, असे आपणांस वाटेल. सांगायला मला एक मिनिट पुरेल. बाकीचा वेळ त्या जे बोलतील ते ऐकून घेण्यासाठी आहे, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत तर तिथे उभे राहण्यासाठी.

आपला नम्र, आणि या पत्राच्या प्रत्येक ओळीत ओशाळलेला,

(सही)
अनुरेखक, टेबल क्र. ४

शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत लिहिला. सरकारी वेळ वापरलेला नाही.

सोबत :
१. सवलतीचे मूळ मंजुरीपत्र.
२. परत आलेले दोन अर्ज.
३. दौतीखाली आलेल्या चिठ्ठ्या, बारा. ज्याच्या त्याला परत द्याव्यात.
४. आपली चिठ्ठी, न उघडता.

टीप : ताईंची चिठ्ठी जोडलेली नाही. ती सोमवारी त्यांच्या हातात द्यायची आहे. तोवर ती माझ्या खिशात आहे, आणि तिच्यावरचे नाव आता मला पाठ आहे.