दीड तासावर

इंदोरा, नागपूर
१२ डिसेंबर १९७४

प्रिय आनंददादास,

प्रेमिलाचा जयभीम.

मी बरी आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल. यंदा थंडी लवकर पडली. शाळेची सहामाही परीक्षा आटोपली, पेपर तपासते आहे.

तुझं लंडनचं पत्र सोमवारी मिळालं. माय गेल्याचं कळून वाईट वाटलं, पण अंतरच एवढं की निघूनही उपयोग झाला नसता, असं लिहितोस.

अंतर मला ठाऊक आहे. मायला धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं त्याच दिवशी तुला तार केली आणि तशीच विमानाच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं नीट सांगितलं. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल, साडेनऊ तास. मुंबई ते नागपूर दीड तास.

तिसऱ्या दिवशी तुझी तार आली, येणं अशक्य. ती मी मायला वाचून दाखवली नाही. तू निघालास म्हणून सांगितलं. शाळेतला नकाशा नेला होता. सकाळी डोळे उघडले की ती विचारायची, "आनंदा कुठवर आला वं?" मी बोट ठेवायचे. रोम. कैरो. बसरा. एकदा म्हणाली, "एवढ्या दूर काहून गेला असन?" साडेनऊ तासांचं विमान मी आठ दिवस उडतं ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण दिवस मोजता येत होते. तरी तिनं मला एकदाही हटकलं नाही.

तुला हवाबदल मानवत असेल. मुलीचा खोकला गेला का?

यापुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आपल्या मावशीचा रुपराव मुंबईच्या विमानतळावर सामान उतरवतो. बावीस नोव्हेंबरला त्याचं पत्र आलं. एकोणीसच्या सकाळी त्यानं तुला पाहिलं. सोबत बायको, मुलगी, हार घेऊन आलेले सासरचे लोक. मेव्हणीच्या लग्नाला आला होतास. तो वर्दीतच पुढे आला आणि म्हणाला, "आनंदा, माय दवाखान्यात आहे गा. आजच्याच विमानानं नागपूरले जा."

तू आधी सासऱ्यांकडे पाहिलंस. मग त्याला म्हणालास, "तुमची काहीतरी चूक होते आहे. माझी आई मी लहान असतानाच वारली."

रुपरावनं तुमच्या पेट्या टॅक्सीत ठेवल्या. सासऱ्यांनी बक्षिसी पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. त्या लोकांना तू आपली जात कोणती सांगितलीस, आडनाव कोणतं लावतोस, मी विचारणार नाही.

पंचवीसला सकाळी मायचा आवाज फार खोल गेला होता. तिनं विचारलं, "मुंबईले उतरला काय वं?"

मी म्हटलं, "उतरला, माय."

त्या अकरा दिवसांत तिच्याशी बोललेलं तुझ्याबद्दलचं तेवढंच खरं.

"मंग आता दूर नाही," म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी गेली. मोक्षधामात अग्नी मी दिला. वस्तीतले म्हातारे कुरकुरले, पण मला कोणी अडवलं नाही.

आता सासरी कोणी विचारलं तर आई वारली म्हणून बिनधास्त सांग. एकोणीस तारखेला ते खोटं होतं, पंचवीसपासून खरं आहे. माझं मात्र नाव सांगू नकोस. मी जिवंत आहे.

प्रेमिला लहानू मेश्राम