चार बोटांची दुमड

प्रिय ताई,

आणि झगा आखूड झाला तर सगळी चूक माझीच का? खालच्या बाजूला चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. घरात एक ब्लेड नव्हतं? शिवण उसवली असती तर आला असता खाली. पण नाही, तुला पत्रात लिहायचं होतं की पोर सर्कशीतून पळून आल्यासारखी दिसत होती. लहानपणापासून तुझं हेच. मी काहीही करून आणलं की आधी नावं ठेवायची, मग गुपचूप कपाटात जपून ठेवायचं.

बालवाडी संपल्याची पदवी देणार म्हणून शाळेनं काळा झगा मागितला. तू म्हणालीस भाड्यानं आणू. मीच फुशारकी मारली, मी शिंपी असताना भाडं कसलं? कसला शिंपी! या कारखान्यात दोन वर्षं मी नुसत्या कॉलरी बसवतोय. दिवसाला चारशे. अख्खा कपडा म्हणून आयुष्यात शिवला तो हा झगाच. कटिंग मास्तरच्या हातापाया पडून उरलेलं अस्तराचं कापड मिळवलं, आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत शिवत बसलो. टोपीत पुठ्ठा घातला, गोंडा तीनदा सोडून परत बांधला. बाकीचे हसायचे, पदवी कुणाला मिळतेय, तुला का? चौथीतून पळालेल्याला! तेव्हा तू कान धरून मला परत वर्गात नेऊन बसवलं होतंस, आणि तू घरी पोचायच्या आत मी खिडकीतून बाहेर. म्हणून तर तू मला भिंगऱ्या म्हणायचीस.

माप कुठून घेतलंस म्हणून विचारतेस. निघालो तेव्हा ती माझ्या पट्ट्याच्या बकलाला लागायची. आरशासमोर उभा राहिलो आणि बकलाखाली तिच्या डोक्यापुरती वीत सोडून टेप खाली धरला. वाढली असेल, म्हणून ती चार बोटं.

तू पाठवलेला फोटो मशीनला टेकवून ठेवलाय. सुपरवायझर दोनदा ओरडून गेला. पुढच्या रांगेत कशी ताठ उभी आहे! गुडघे उघडे, टोपी कानावर आलेली, हातातली पदवीची गुंडाळी काठीसारखी धरलीय. पुढचा एक दात नाही. तो कधी पडला गं? सांगितलं नाहीस. फोटोवाला तिला मागच्या रांगेत सरकवायला लागला तर ही जागची हलेना, बाईंना ठणकावून म्हणाली की हा माझ्या मामानं शिवलाय. तू कौतुकानंच लिहिलंस, कळतं मला.

मामा. तुझी दोघं पोरं म्हणतात, त्यांचं ऐकून तीही म्हणते. दोष कुणाला देऊ? तिची आई गेल्यावर महिन्याभरात माझी लेक झोपेतच तुझ्या मांडीवर ठेवून मी निघालो, दोन महिन्यांत येतो म्हणून. तीन वर्षं झाली. पाच नोकऱ्या धरल्या, चार सोडल्या. बाबा म्हटलं की ती भाऊजींकडे बघते, आणि भाऊजी ओ देतात. देणारच. ताप आला की तेच जागतात.

ताई, फोटोवर बोट ठेवून मोजलं. ती दुमड सगळी सोडली असती तरी झगा जेमतेम गुडघ्यापर्यंत आला असता. तुझी काही चूक नाही.

तुझ्या पाकिटातल्या दुसऱ्या कागदाची घडी तीन दिवस मोडली नव्हती. आज मोडली. पहिलीत घालायच्या आधी तिला तुमच्या नावावर करायचं, ते बरोबरच आहे. भाऊजींनी पेन्सिलीनं फुली मारलीय तिथं सही केली. वाकडी आलीय, माझी तशीच येते. पुढच्या महिन्यात येणार होतो, ते आता नको. आलो तर तिला उचलून निघेन, आणि इथं एका खोलीत आम्ही सहाजण पाळीपाळीनं झोपतो, तिला ठेवू कुठं? तिला काही सांगू नकोस. मामाच बरा. फक्त दर वाढदिवसाला तिला दाराच्या चौकटीशी उभी कर, डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धर आणि तो दोरा कापून मला पाठव. एक फ्रॉक तरी मापाचा शिवू दे.

तुझाच,
भिंगऱ्या

ता. क. तिकिटासाठी आणि तिच्यासाठी साठवले होते ते सगळे पाठवतोय. अठरा हजार सातशे.