उजवी गिरकी

११ डिसेंबर १९८८, रविवार
आजपासून स्केटिंग. मुलीने चार दिवसांत सोडून दिलेले स्केट्स माळ्यावर पडून होते. बुटावर पट्ट्याने बांधायचे, किल्लीने लांबी कमी-जास्त करायचे, त्यामुळे मलाही बसले. शालू म्हणाली, बेचाळिसाव्या वर्षी हे काय काढलंत? मी म्हणालो, वय पायाला नसतं, डोक्याला असतं. ती म्हणाली, मी डोक्याबद्दलच बोलतेय. बायकोचा पाठिंबा नाही. हरकत नाही.
सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर बॅच. शिकवायला शीला मॅडम, जेमतेम चोवीसच्या, कळव्याहून लुनावर येतात. मोठ्यांच्यात मी आणि बी विंगचा विश्राम. तो पोस्टातून रिटायर झालेला.

१८ डिसेंबर, रविवार
सरळ जाता येतं. थांबायला भिंत लागते.
सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण. तेव्हा मोठ्यांनी अर्धी गिरकी करून दाखवायची. म्हणजे वेगात यायचं, उडी मारून हवेत वळायचं, पाठमोरं उतरायचं. लीडर कोण? मी हात वर केला. दुसऱ्या कोणी केला नाही. एकमताने निवड.

२० डिसेंबर
मॅडमची टेस्ट. स्केट्स काढून उभं राहायचं, डोळे मिटायचे, विचार न करता उडी मारून वळायचं. अंग आपणहून जिकडे वळेल ती आपली बाजू. मी डावीकडे वळलो. मॅडम म्हणाल्या, तुमची डावी. मी म्हणालो, डोळे मिटलेले होते, हे धरू नका. परत केली. डावी. परत. डावी.
थंडीमुळे असावं.

२१ डिसेंबर
निर्णय झाला. उजवीकडूनच वळणार.
वागळे इस्टेटला अर्धं आयुष्य लेथवर काढलं, आता तिथेच ऑफिसात बसतो. स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट बसतो, डावीकडे फिरवला की निघतो. घड्याळ उजवीकडे. प्रदक्षिणा उजवीकडे. आरतीचं ताट उजवीकडे. सगळं जग एका बाजूला आणि मी दुसऱ्या, असं चालणार नाही. मॅडमना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही स्क्रू नाही आहात.
काका!

२५ डिसेंबर
पडलो. कोर्टाला उतार आहे.

२८ डिसेंबर
पडलो. चाकांत तेल जास्त झालेलं.

१ जानेवारी १९८९
नवीन वर्ष. आज अजिबात पडलो नाही. उडी मारली नाही.

४ जानेवारी
शालू म्हणते, तुम्ही घरात कुठेही वळता ते डावीकडूनच. दारातून, मोरीतून, झोपेतसुद्धा. मी नाही म्हणालो. ऑफिसात दिवसभर स्वतःवर लक्ष ठेवलं. साहेबांनी डाव्या अंगाने हाक मारली, मी उजवीकडून पूर्ण फिरून त्यांच्याकडे तोंड केलं. त्यांनी विचारलं, मान आखडलीय का?
जमतंय हळूहळू.

८ जानेवारी, रविवार
विश्रामला गिरकी जमली. डावीकडून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, सोपं करणं वेगळं आणि बरोबर करणं वेगळं. तो म्हणाला, मग तुझं बरोबर कधी बघायला मिळेल? मला काय, वेळच वेळ आहे.
खवचट माणूस.

१५ जानेवारी, रविवार
मॅडम आज वेगळ्याच सुरात बोलल्या. कमिटीला कोर्टावर गाड्या लावायच्यात. कार्यक्रम चांगला झाला तरच बॅच राहणार. म्हणाल्या, काका, माझ्यासाठी एवढं कराच. आधी आपल्या बाजूने जमवा, मग दुसरी बाजू शिकवते मी, सगळे तसंच शिकतात. वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. म्हणालो, बॅच वाचेल ती उजवीकडूनच.
त्या लुनाचं पेडल मारायला लागल्या. ती पण लवकर चालू होईना.

२२ जानेवारी, रविवार
रंगीत तालीम. उजवीकडून उडालो. मध्येच अंगाने डावीकडे जायचं ठरवलं. मी नाही म्हणालो. आमचं दोघांचं हवेतच भांडण झालं.
उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. डाव्या हाताने लिहितोय. तात्पुरतं.

२४ जानेवारी
माझ्या जागी शालू!
मी ऑफिसला गेल्यावर महिनाभर ती दुपारच्या बायकांच्या बॅचला जात होती. माझ्याच स्केट्सवर. रोज संध्याकाळी ते आखूड का व्हायचे, आता कळलं. मी समजत होतो, लोखंड थंडीने आकसतं. विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही शिकवायला लागला असतात.
मॅडम सांगत होत्या, हिची बाजू आपसूक उजवी. टेस्टलाच उजवीकडे वळली.
आपसूक.

२६ जानेवारी, गुरुवार
पूजा छान झाली. मग कार्यक्रम. विश्राम डावीकडून वळला, ठीकच. मग शालू. पदर खोचून, केस घट्ट बांधून अशी सुसाट आली की मला भीती वाटली. उडाली. उजवीकडे वळली. पाठमोरी उतरली आणि तशीच हसत हसत मागे गेली. मी उभा राहिलेलो. प्रसादाचा शिरा हातातून सांडला तेही कळलं नाही.
चेअरमननी माइकवर सांगितलं, कोर्ट राहणार. शीला मॅडम शालूच्या गळ्यात पडून रडल्या.
लोक मला म्हणाले, वहिनींनी कमाल केली. मी म्हणालो, थिअरी माझी. शालूने ऐकलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ मार्च, रविवार, सकाळ
काल प्लास्टर निघालं. आज कोर्टावर कोणी नसताना खाली गेलो. मनात पक्कं, उजवीकडून. वेग घेतला. तेवढ्यात वरून गॅलरीतून शालू ओरडली, अहो, दूध गॅसवर ठेवून गेलात का? मी दचकून उडालो.
उतरलो. पाठमोरा. उभा! भिंतसुद्धा धरली नाही.
डावीकडून.
शालू धावत खाली आली. म्हणाली, जमली की हो! डावीकडून ना? मी म्हणालो, तू वरून बघत होतीस म्हणून तसं दिसलं. जमिनीखालून बघितलं तर उजवीकडूनच आहे. तिने जरा विचार केला. म्हणाली, असेल. आता स्केट्स सोडा, माझी वेळ झाली.
सोडले. किल्लीने तिच्या मापाचे करून दिले.
वर येऊन दुधाचं करपलेलं पातेलं घासलं. घासताना हात कुठल्या बाजूने फिरत होता, ते मुद्दाम बघितलं नाही.