खाऊचा डबा तिथेच राहू दे

दादा,

दौऱ्यावरून आलास की बूटही न काढता माशांच्या टाकीकडे धावशील, म्हणून चिठ्ठी काचेवरच चिकटवली आहे. तुझी प्रवाळं वाचली. आज सकाळी सगळी उमललेली दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाबा माशांना खाऊ घातल्याचं विसरतात आणि पुन्हा घालतात. त्यानं पाणी बिघडून काचांवर हिरवा थर आला होता आणि प्रवाळं मिटायला लागली होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून, उरलेल्या खाऊतून पाण्यात उतरणारं फॉस्फेट शोषणारी पावडर टाकली. पाणी झटकन सुधारलं, पण त्या अचानक बदलानं प्रवाळं आणखीच मिटली. पाणी बदललं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी टाकीच्या मागच्या कप्प्यात दिवा लावून समुद्री शेवाळ वाढवलं. ते सावकाश काम करतं, पण जास्तीचं सगळं शोषून घेतं. वाढलं की थोडं कापून टाकत जा.

डबा लपवता आला असता. पण माशांसाठीच तर बाबा सकाळी आपणहून उठतात. त्यांना रागावू नकोस.

आम्ही डॉक्टरांकडे चाललोय. बाबांच्या विसरण्यावरच्या नव्या गोळ्या लागू पडताहेत बहुतेक. काल डबा उघडता उघडता थांबले आणि म्हणाले, "अगं, मघाशी घातलं ना मी?"

"हो, बाबा."

त्यांनी झाकण लावलं.

— छोटी