खुर्शीदा खालांची फुंकर

नाशिक

प्यारी अम्मी, अस्सलाम अलैकुम.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, फक्त कोणत्या वेळेवर ते विचारू नकोस. अब्बांचा खोकला थांबला का? मागावरची जांभळी पैठणी उतरली का?

आमच्या वॉर्डात मालेगावचे मुबीन चाचा होते. त्यांच्या हातात सलाईनची नळी बसवलेली. औषध दिलं की आम्ही ती सिरिंजनं सलाईन सोडून साफ करतो. त्याआधी नळीचं तोंड स्पिरिटनं घासायचं आणि आपोआप सुकू द्यायचं, नाहीतर जंतू थेट रक्तात जातात. पण मी घासलं रे घासलं, की चाचांच्या बेगम, खुर्शीदा खाला, दुआ पढून नेमकं त्यावरच फुंकायच्या! मी पुन्हा घासायची, त्या पुन्हा फुंकायच्या.

शेवटी त्या रुसल्या. "क्यूं बेटी, दुआनं जंतू होतात?"

"दुआनं नाही, खाला. ते आपल्या तोंडातून उडतात. माझी अम्मी कपाळावर फुंकते. दुआ तिथूनही पोचते."

त्यांना पटलं. मग काय, दुआ चाचांच्या कपाळावर आणि माझी नळी सुरक्षित! भेटायला येणाऱ्यांनाही त्याच दटावायच्या, "आधी साबणानं हात धुवा!"

आज चाचा घरी गेले. हात सुजला नाही, ताप आला नाही. निघताना खालांनी मला वाकायला लावलं, दुआ पढली आणि माझ्या कपाळावर फुंकर घातली.

अम्मी, दिवसभर मी सगळं पुसतच असते. कपाळ मात्र पुसलं नाही.

तुझ्या दुआतली,
अदिबा